वेफर्सना मासळीचा वास

वापीच्या व्यापाऱ्याने केळा वेफर्सचं पाकीट माझ्या टेबलावर फोडलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"साहेब, आमांथी माछलीनी वास आवे छे. अमे तो कांदा पण नथी खाता."

मी पाकिटाला नाक लावलं. वास होता. हलका, पण मासळीचाच.

तलासरीजवळ हायवेला लागून आमचा कारखाना आहे. तिथे मी क्वालिटी बघतो. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पाम तेल बंद केलं होतं, कारण गिऱ्हाइकांना पाकिटावर 'पाम तेल नाही' असं छापलेलं हवं होतं. तळणीला पाम तेल फार सोशिक. कितीही तापवा, लवकर बिघडत नाही. त्याच्या जागी सोयाबीन तेल मीच सुचवलं, ट्रायल मीच घेतली, रिपोर्टवर सही माझीच.

"पॅकिंगला कोण असतं?" शेजारी बसलेल्या आमच्या शेठने, कारखान्याच्या मालकाने, विचारलं.

पॅकिंगला सुमनताई होत्या. डहाणूच्या किनाऱ्यावर घर, नवरा बोटीवर, सुट्टीच्या दिवशी त्या बोंबील वाळत घालायच्या. सात वर्षं लाइन लीडर. मी नाव घेतलं नाही. नुसतं काचेपलीकडे त्यांच्याकडे पाहिलं. शेठला तेवढं पुरलं, आणि खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. कारण सापडलं होतं आणि ते माझं तेल नव्हतं.

व्यापारी गेल्यावर मी त्यांना बोलावलं.

"ताई, काही दिवस केळी सोलायच्या शेडमध्ये बसा."

"माझ्या हाताला वास येतो म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं? हातमोजे घालतो की आम्ही. आणि सात वर्षं मी घरी काय गुलाब सुकवत होते?"

त्यांनी ते पाकीट उचललं, हुंगलं. "सर, हा बोंबील नाही. बोंबील मला झोपेतसुद्धा कळेल. हे तेल आहे."

"तेलाचा रिपोर्ट ओके आहे."

"रिपोर्टला नाक असतं का?"

तेलाला हवा किती लागली हे सांगणारा एक आकडा असतो, पेरॉक्साइड व्हॅल्यू. तो मर्यादेत होता. मी तो त्यांना दाखवला. त्यांना तो वाचता येणार नाही, हे माहीत असून दाखवला.

तक्रार आली की क्लायंटला लेखी उत्तर द्यावं लागतं. त्यात 'रूट कॉज' म्हणजे मूळ कारणाचा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं: पॅकिंग कामगाराच्या हाताचा वास. पुढे सुमनताईंचं पूर्ण नाव, आणि त्यांना लाइनवरून हटवल्याची नोंद.

तीन आठवड्यांनी दुसरा माल परत आला. तोच वास. बॅचची तारीख पाहिली. त्या दिवशी सुमनताई शेडमध्ये केळी सोलत होत्या.

प्रत्येक बॅचची काही पाकिटं आम्ही कपाटात राखून ठेवतो. ती सगळी फोडली. पाम तेलातली, त्यांच्याच लाइनवर भरलेली, स्वच्छ निघाली. सोयाबीनमधली जुनी पाकिटं एकजात वास मारत होती. सोयाबीन तेल बिघडायला लागलं की आधी गवतासारखा किंवा मासळीसारखा वास सुटतो. आकडा नंतर चढतो. हे मला कुणी नव्याने सांगितलं नाही. कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

शेडमध्ये गेलो. केळीच्या चिकाने त्यांची बोटं काळी पडली होती.

"ताई, तेलच होतं. माझी चूक झाली."

त्यांनी हातातलं केळं सोलून पाण्यात टाकलं. "वापीला माझं नाव गेलंय ना?"

"हो."

"मग तिकडे सांगा. मला माहीतच होतं."

शेठ म्हणाले, "सुमनला परत लाइनवर घे ना. पण वापीला चुकीचा मेल कशाला? आपलंच तेल खराब म्हणून आपणच लिहून द्यायचं?"

मी मेल लिहिला आणि दोन दिवस ड्राफ्टमध्येच ठेवला. हे दोन दिवस मला अजून बोचतात. तिसऱ्या दिवशी पाठवला, प्रिंट काढली आणि सुमनताईंना मराठीत वाचून दाखवली. कामगाराचा दोष नव्हता, तेलाची निवड चुकली, कंपनी दिलगीर आहे.

"आधीच्या कागदात माझं नाव होतं," त्या म्हणाल्या. "यात तुमचं कुठं आहे?"

त्या दुपारी मी दुसरा मेल पाठवला. एकाच ओळीचा. तेल मी निवडलं होतं, सुमनताईंवरचा ठपकाही मीच ठेवला होता, आणि खाली माझं पूर्ण नाव.

व्यापाऱ्याने पुढची ऑर्डर रद्द केली. शेठ बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. आता आम्ही तांदळाच्या कोंड्याचं तेल वापरतो, पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरतो, आणि नमुन्याची पाकिटं उबेत ठेवून, जुनी करून मगच तपासतो. व्यापारी परतला, पण पूर्वीच्या निम्म्या मालावर. सुमनताई लाइनवर आहेत. माझ्याशी कामाचं बोलतात, जास्त नाही.

मूळ कारणाचा रकाना भरताना मी आता आधी माल तपासतो, मग मशीन, मग माझी स्वतःची सही. कामगारापर्यंत जायची वेळ अजून आलेली नाही.