उषाताईंच्या मोटारीचा टप

पाऊस आला की लोक उघड्या मोटारीचा टप लावतात. उषाताई लावलेला टप काढायच्या. आधी स्वतः रेनकोट घालायचा, मग भावाला घालायचा, त्याच्या टोपीचा बंद हनुवटीखाली आवळायचा, आणि मग भर पावसात समोरच्या काचेवरच्या दोन्ही कड्या सोडून तो सगळा कापडी डोलारा मागे दुमडायचा. अशी ती उघडी मोटार गंगापूर रोडला लागली की पानवाले हसायचे आणि कॉलेजची पोरं शिट्ट्या मारायची. उषाताई समोर बघत, एका हातानं चष्मा पुसत गाडी हाकायच्या. नव्वदच्या सुमारास मी त्यांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात खिडकीतून हा प्रकार पाहिला. मी बायकोला म्हटलं, सामान पूर्ण सोडू नकोस, मालकीण वेडी दिसते.

वेडी मालकीण नव्हती. विनायक, म्हणजे विनू, त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि तिथून तो पुढे वाढलाच नाही. शरीर मात्र वाढत गेलं. मी पाहिला तेव्हा केस पिकायला लागलेला, धिप्पाड, गोरापान माणूस होता आणि बोलणं चार वर्षांच्या मुलाचं. त्याला बंद गाडीत बसवता येत नसे. चालत्या गाडीत डोक्यावर छप्पर आलं की तो किंचाळायचा, दार उघडून उडी टाकायचा. रिक्षाचं हूडही चालायचं नाही. "वर नको, ताई, वर नको," एवढंच म्हणायचा. तापात असताना त्याला दवाखान्याच्या बंद गाडीतून एकट्याला नेलं होतं, त्याची ही भीती, असं उषाताई सांगायच्या. खरं कारण तेच की आणखी काही, देव जाणे. पण त्याला फिट यायच्या, शालिमारजवळच्या डॉक्टरांकडे वारंवार न्यावं लागायचं, आणि वडिलांची ही जुनी उघडी मोटार सोडली तर त्याला नेण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

आईवडील गेल्यावर बंगला, मोटार आणि विनू अशी तिन्ही उषाताईंच्या वाट्याला आली. तिघांपैकी एकाचंही काम कधी संपायचं नाही. ताई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. सकाळची शाळा असायची. तेवढा वेळ विनूकडे कमलबाई बघायच्या. बंगल्याचं गॅरेज पिठाच्या गिरणीला भाड्यानं दिलेलं होतं आणि गिरणी कमलबाईंची होती. त्यामुळे पीठ आत आणि मोटार बाहेर, कंपाउंडमध्ये, उन्हापावसात उभी. ती टिकायची ती केवळ त्या टपाच्या जिवावर. टप गळला की गाद्या कुजणार, तळ गंजणार, आणि मोटार बसली की विनू घरात बसणार. म्हणून उषाताईंचा अर्धा जीव त्या खाकी कापडात असे.

त्यांची एक सवय मला फार उशिरा कळली. कुठलंही काम सुरू करताना त्या म्हणायच्या, "चला, झालं एकदाचं." संपल्यावर नव्हे, सुरू करताना. एकदा मी हसून विचारलं तर म्हणाल्या, "आधीच म्हणून घ्यावं रे. शेवटी म्हणायला अंगात जोर कुठे राहतो?" 

आणि काम तरी कसलं! ओला टप दुमडून ठेवायचा नाही, बुरशी लागते. पण विनूला न्यायचं तर पावसात तो ओलाच दुमडावा लागायचा. मग परत आल्यावर तो पुन्हा चढवायचा, जुन्या सुती साड्यांनी आतून बाहेरून टिपायचा, आणि व्हरांड्यातून वायर ओढून मोटारीत टेबलफॅन लावून ठेवायचा. घरात तो एकच टेबलफॅन. श्रावणात दमट उकाड्यात मोटार वारा खात बसलेली असायची आणि उषाताई पायरीवर वह्यांच्या पुठ्ठ्यानं वारा घेत. थंडीतही सुटका नव्हती. टपाच्या मागच्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी होती. द्राक्षवाले ज्या थंडीला घाबरतात त्या थंडीत ती पापडासारखी कडक व्हायची आणि दुमडताना तडकायची. म्हणून डॉक्टरांकडे जायच्या दिवशी उषाताई तिच्यावर गरम पाण्याची पिशवी फिरवत बसायच्या. विनूला वाटायचं, मोटारीचं पोट दुखतंय. "बरं वाटलं का गं?" असं तो मोटारीला विचारायचा.

टप चढवायला दोन बाजूंना दोन माणसं लागतात. दुसरा माणूस मी. हे कधी ठरलं ते मला सांगता येणार नाही. कचेरीतून दमून आलो, चहाचा कप तोंडाला लावला की खालून हाक यायची, "सुधाकर, पलीकडची बाजू धरतोस का?" मी मनातल्या मनात चरफडत उतरायचो. उषाताईंना ते कळायचं. "कंटाळलास ना?" त्या विचारायच्या आणि माझ्या उत्तराआधीच म्हणायच्या, "मीही."

एका उन्हाळ्यात मात्र त्यांनी कमाल केली. शाळेला सुटी लागली होती, अंगात उत्साह संचारला होता. टपावर वर्षानुवर्षांची धूळ, कावळ्यांची कृपा आणि गिरणीचं उडालेलं पीठ बसून त्याचा रंग ओळखू येईनासा झाला होता. कमलबाई म्हणाल्या, "ताई, लय मळलाय हो ह्यो. काढा की खाली. गोधडीगत नदीवर नेऊन आपटू." उषाताईंना हे पटलं. धुतल्यावाचून वस्तू वापरणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. दोघींनी फ्रेमवरून टप उसवून काढला, रात्रभर सोड्याच्या कढत पाण्यात भिजवला आणि हातगाडीवर घालून गोदावरीवर नेला. गोधड्या धुणाऱ्या बायकांच्या रांगेत बसून धोपटण्यानं यथेच्छ बडवला, आणि तापल्या फरशीवर पसरून कडकडीत वाळवला. संध्याकाळी परतल्या तेव्हा दोघींचे चेहरे लग्न लावून आल्यासारखे समाधानी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टप चढवायला घेतला. मागून बसवला, बाजू ओढल्या, आणि पुढं आणला तर तो समोरच्या काचेपर्यंत पोचेना. वीतभर कमी! मी ओढला, उषाताईंनी ओढला, कमलबाईंनी पदर खोचून दात-ओठ खाऊन ओढला. कापड आटलं ते आटलंच. शिवाय पाणी अडवणारा सगळा लेप गोदामाईला अर्पण झाला होता. वरून तांब्याभर पाणी ओतलं तर आत चाळणीसारखं गळलं. कमलबाई कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या. उषाताईंनी त्या उघड्या फटीवर वीत ठेवून माप घेतलं. पावसाळा तोंडावर आला होता. विनू मात्र खूश होता. त्या फटीतून आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, छान केलंस!"

शेवटी भद्रकालीत रिक्षांची हुडं शिवणाऱ्या सलीमभाईंकडे टप नेला. तो उलटा-सुलटा करून ते म्हणाले, "बाई, ये टप है, चादर नहीं. याला बडवतात का कधी?" उषाताई म्हणाल्या, "आता बडवला. पुढं बोला." सलीमभाईंकडे खाकी कापड नव्हतं. त्यांनी पुढच्या बाजूला हिरव्या ताडपत्रीची पट्टी जोडून दिली. मग उषाताईंनी मेणबत्त्या वितळवून त्यात टर्पेंटाइन घातलं आणि सगळा टप आठवडाभर चोळून काढला. शिवणींवर दोनदा, कारण पाणी सुईच्या भोकातून आधी शिरतं. त्यांच्या हातांना शाळा सुरू झाली तरी टर्पेंटाइनचा वास येत होता. खाकी टपाला हिरवी झालर लावून ती मोटार पुढची कितीतरी वर्षं हिंडली. कुणी हसलं तर ताई म्हणायच्या, "गळत नाही ना? मग हसा."

दिवस गेले तसा त्यांचा आवाज खाली गेला. शाळेतून त्या निवृत्त झाल्या, गुडघे गेले, दंडातली ताकद गेली. कड्या दाबताना दोन्ही हात लावावे लागत. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही दमलात." त्या म्हणाल्या, "दमले असं म्हटलं की कुणीतरी 'मग बस' म्हणावं लागतं. तसं म्हणणारं कोण आहे घरात?" हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, गणितातलं उत्तर सांगावं तसं सांगितलं होतं.

त्यानंतरच्या भाद्रपदात त्या तापानं फणफणल्या. न्यूमोनिया होता, हे नंतर कळलं. दुपारची वेळ होती आणि बाहेर धो धो पाऊस. त्यांना दवाखान्यात हलवणं भाग होतं. मी रिक्षा आणायला निघालो तर विनूनं ताईंचा पदर मुठीत धरलेला. त्याला मागं ठेवलं असतं तर तो रस्त्यावर रिक्षामागं धावला असता. म्हणून मोटारच काढली. मी आणि कमलबाईंनी ताईंना धरून पुढच्या सीटवर बसवलं, अंगावर दोन चादरी घातल्या. त्यांचे दात वाजत होते. तशातही त्या म्हणाल्या, "सुधाकर, टप काढ."

"ताई, या पावसात? तुमच्या अंगात एवढा ताप..."

"काढ रे. तो बसायचा नाही."

मला त्या घटकेला दोघांचाही भयंकर राग आला. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी कडी सोडली. गार पाण्याची धार आत ताईंच्या मांडीवर पडली आणि त्या शहारल्या. विनू रेनकोट घालून, टोपीचा बंद बांधून दाराशी उभा होता. तो ताईंकडे बघत राहिला. मग पुढं आला, माझा हात बाजूला सारला आणि कडी परत लावायला लागला. त्यानं आयुष्यात त्या टपाला हात लावला नव्हता. त्याला जमेना. अंगठा चिमटला, तरी त्यानं ती दाबून दाबून लावली. "ताईला गार लागतं," तो म्हणाला, आणि मागं जाऊन बसला.

दवाखान्यापर्यंत तो किंचाळला नाही. ताईंच्या सीटच्या पाठीला कपाळ टेकून, डोळे मिटून, कानांवर हात दाबून तो बारीक आवाजात कण्हत होता. प्रत्येक सिग्नलला गाडी थांबवताना मला वाटायचं, आता दार उघडतो. ताई मान वळवून त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न करत होत्या आणि हात पोचत नव्हता. उतरल्यावर तो मोटारीच्या चाकाशी वाकून भडाभडा ओकला. मग तोंड पुसून ताईंजवळ आला. ताई रडल्या नाहीत. "शहाणा माझा," एवढं म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या बऱ्या झाल्या. पुढं विनू आधी गेला आणि त्याच्यामागं थोड्याच दिवसांत त्या. पण मला ते दिवस सांगायचे नाहीत. ताई दवाखान्यातून परतल्यानंतर विनूला डॉक्टरांकडे न्यायची पहिली वेळ आली तेव्हाचं सांगायचं आहे. पावसाची भुरभुर चालूच होती. मी जरा निश्चिंत मनानं वर चहा पीत होतो. मला वाटलं, सुटलो आपण सगळेच. तेवढ्यात खालून हाक आली.

उतरून पाहतो तर ताई रेनकोट घालून कड्यांशी झटत होत्या. धाप लागली होती. मी चिडूनच म्हणालो, "अहो ताई, बसला ना तो त्या दिवशी टपाखाली? मी डोळ्यांनी पाहिलं. आता लावूनच न्या की. अजून किती भिजणार आहात?"

त्यांनी विनूच्या टोपीचा बंद नीट केला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसला. त्याला काय झालं बसताना, तेही पाहिलंस ना? ते त्यानं मला एकदा दिलं. आता रोज मागत बसू का?"

आणि कडीला हात घालून म्हणाल्या, "धर ती बाजू."