जागेवरची सायकल आणि मागच्या वाडीतला आवाज

हिवाळ्यात पहाटे सायकल चालवणारा माणूस निरोगी राहतो, आणि सिंदेवाहीत चालवत असेल तर वाघाच्या पोटात निरोगी जातो.

माझं औषधाचं दुकान आहे. दिवसभर बसून साखर वाढली, म्हणून मी सायकल घेतली. एका सकाळी धुक्यात रस्त्याच्या मधोमध धानाचं पोतं पडलेलं दिसलं. बाजूला व्हावं म्हणून मी घंटी वाजवली. (पोत्याला घंटी! साखर मेंदूपर्यंत गेली होती.) पोत्यानं सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. पुढचं मला आठवत नाही. माया, म्हणजे माझी बायको, सांगते की मी सायकलवरून आलोच नाही, सायकल माझ्यावरून आली. खांद्यावर!

"आता सायकल घरातच चालवाची," मायानं निकाल दिला. "नाईतर मी भंगारात देते तिले."

"घरात कशी चालवू? सैपाकघरातून देवघरात?"

पण तशी सोय असते, हे मला मोबाईलवर कळलं. ट्रेनर नावाचा लोखंडी स्टँड असतो. सायकलचं मागचं चाक त्यात उचलून धरायचं. ते एका रोलरला घासत फिरतं, आपण घाम गाळतो, आणि सायकल इंचभरही हलत नाही. आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो. दुकानदारानं तीन प्रकार दाखवले. पहिला पंख्याचा. तो सुरू करताच मायाचा पदर डोक्यावरून उडाला. दुसऱ्यात नुसते तीन रोलर, त्यावर तोल सांभाळत सायकल चालवायची. मी तोल सांभाळला, पण तो समोरच्या हेल्मेटांच्या फळीत. तिसरा चुंबकाचा.

"आवाज नाई पाह्यजे," माया म्हणाली. "बाजूले शेवंताबाई राह्यते, म्हातारं मानूस हाय."

"वहिनी, मांजरीएवढा आवाज," दुकानदार म्हणाला.

कोणत्या मांजरीएवढा, हे मी विचारायला हवं होतं.

मागच्या खोलीत ट्रेनर बसवला. खोलीत एक मोठी टिनाची कोठी, धान ठेवायची, सध्या रिकामी. कोठीला लागून भिंत, भिंतीपलीकडे शेवंताबाई. खिडकी बुटकी, तिच्यामागे आमची भाजीपाल्याची वाडी, मग बांध, मग नाला, मग जंगल. मी कानात गाणी लावली आणि उजाडताना सायकल सुरू केली. स्वर्गसुख! वाघ नाही, थंडी नाही.

आठवडाभरात शेवंताबाई दुकानात आली. तोंड पांढरंफटक.

"भाऊ, वाडीत काईतरी हाय जी. धुकं पडलं का कन्हत राह्यते. आँऊंऽऽ करते, थांबते, मंग आनखी आँऊंऽऽ. माह्या भांड्यायले कापरं सुटते!"

रस्त्यातलं पोतं माझ्या मागोमाग घरी आलं होतं! मी गल्लीत सगळ्यांना बजावलं, "पोरं बाहेर सोडू नका. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलंय." लोक माझ्याकडे आदरानं पाहू लागले. दूधवाला उन्हं वर आल्यावर येऊ लागला. भीतीनं माझंही फिरणं बंद झालं, आणि ते भरून काढायला मी ट्रेनरवर जास्त वेळ बसू लागलो. आवाजही वाढला म्हणे! माया स्वयंपाकघरातून ऐकायची, तिलाही तो वाडीतूनच येतोय असं वाटायचं. मला मात्र तो कधीच ऐकू यायचा नाही. मी बाहेर आलो, की लोक कुजबुजायचे, "आत्ताच थांबला, भाऊ." वाघ मला घाबरतो, अशी माझी हळूहळू खात्री होत चालली होती.

पण काही गोष्टी खरंच बऱ्या नव्हत्या. गल्लीतली कुत्री भुंकेनाशी झाली. शेवंताबाईच्या खाटेखाली एकमेकांना चिकटून पडायची. सकाळी वाडीतून वासाचा तांदूळ शिजल्यासारखा वास यायचा. मला वाटे शेवंताबाई रांधते, तिला वाटे माया. एकदा दोघी भेटल्या, तेव्हा कळलं की महिनाभर दोघींच्याही घरी तसा तांदूळ शिजलाच नव्हता. मग तो कोण शिजवत होतं?

आणि एका सकाळी पेडल मारता मारता मी मान वळवली, तर पाठीमागच्या खिडकीच्या काचेवर वाफेचा एक गोल उमटला होता. विरला. पुन्हा उमटला. माझीच वाफ असेल, म्हणून मी टॉवेलनं पुसला. तो पुसला गेला नाही.

बाहेरून होता.

धुकंच असणार, असं मी स्वतःला सांगितलं, आणि पाठीवर काटा तसाच ठेवून पेडल मारत राहिलो. कारण थांबलो तर काय होईल, हे मला पाहायचं नव्हतं.

त्याच दिवशी मी वनखात्यात खबर दिली. वनरक्षक ताई आल्या, वाडीच्या कुंपणाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधून गेल्या. काही दिवसांनी सकाळीच पुन्हा आल्या आणि आवाज ऐकायला शेवंताबाईकडे बसल्या. सारी गल्ली तिथं गोळा झाली. मला निरोप मिळालाच नाही, मी ट्रेनरवर होतो.

"आँऊंऽऽ!"

"आला! आला!" शेवंताबाई किंचाळली.

"यायलेई बोलावून आनते," म्हणत माया धावत घरी आली. दारात थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग थरथरणाऱ्या रिकाम्या कोठीकडे. कोठीवर हात ठेवला, आणि माझ्या कानातली गाणी ओढून काढली.

"थांबा."

मी थांबलो. भिंतीपलीकडून दबका गलका झाला, "गेला, गेला!"

"आता चालवा बरं."

चालवली. ट्रेनरच्या थरथरीनं कोठी कण्हली, "आँऊंऽऽ!" पलीकडे ताटवाट्या पडल्या, कुणीतरी देवाचं नाव घेतलं.

"अवो शेवंताबाई," माया भिंतीला तोंड लावून ओरडली, "वाघ सापडला जी! चड्डी घालून बसून हाय!"

सारी गल्ली माझ्या खोलीत आली. तंग काळी चड्डी, सुटलेलं पोट, डोक्यावर टॉवेल, अशा अवस्थेत माझं दर्शन घेऊन लोक पोट धरून हसले. मीही हसलो. सुटकेचं हसू होतं ते. म्हणजे वाघ नव्हताच!

तेवढ्यात वनरक्षक ताई वाडीतून आत आल्या. त्या हसत नव्हत्या. कॅमेऱ्यातला फोटो त्यांनी समोर धरला. धुकं, आमची भिंत, बुटकी खिडकी. आणि काचेला नाक लावून बसलेला भला मोठा वाघ. आत, हातभर अंतरावर, पाठमोरा मी.

घाईत उतरताना माझ्या पायानं पेडल फिरलं, कोठी पुन्हा कण्हली, आणि सगळे एकदम ओरडले, "बंद करा!"

"नर हाय," ताई म्हणाल्या. "वाघीन बोलावते तसाच हा आवाज वाटून राह्यला. तिच्यासाठीच तो येत होता. तो भाताचा वासई त्याचाच, झाडावर मुततो तवा येते."

"म्हणजे मी... त्याला बोलावत होतो?"

"हो जी. पन भ्यायचं काम नाई." त्यांनी पुढचा फोटो दाखवला. त्यात वाघ पाठ फिरवून नाल्याकडे चालला होता. "त्या दिवशी त्यानं खिडकीतून तुमाले नीट पाह्यलं. त्याच्यानंतर तो आलाच नाई."

मायानं तो फोटो जवळ ओढला.

"हुशार हाय," ती म्हणाली. "मी तं न पाहताच लग्नाले हो म्हनली होती."