गोविंदरावांचा कॉम्प्युटर

बरकतपुऱ्याचे गोविंदराव टाकळकर तसे शांत गृहस्थ. पण त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या कॉम्प्युटरला कुणी डबडं म्हटलं की भडकायचे. शेवटी तो चालूच होईना, तेव्हा त्यांची मुलगी माधवी तो घेऊन त्यांच्यासोबत आबिड्सच्या दुकानात गेली. दुकानदार अन्वरभाईंनी झाकण उघडलं, तर आतून वाटीभर तांदूळ सांडले.

"खिचडी पकाते थे क्या, चाचा?"

"दर खंडेनवमीला पूजा करतो याची," गोविंदराव गुरगुरले. "जाळीतून अक्षता गेल्या असतील."

माधवीने कपाळावर हात मारला. नवा घ्यायचं ठरलं. मेमरी किती, स्पीड केवढा, गोविंदरावांनी काही विचारलं नाही. एकेका कॉम्प्युटरच्या माथ्यावरून हात फिरवत ते एकापाशी थांबले आणि खुलले.

"हा द्या. वर जाळीच नाही. यंदा मूठभर वाहीन!"