रंध्याखाली आलेलं नाव

आधीच सांगतो — भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणाऱ्यांपैकी मी. वसईचा ख्रिस्ती सुतार. चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवत नाही, पण मेलेला माणूस दिसतो म्हणणाऱ्यांची खूप टिंगल केलीय.

१९७९ चा ऑगस्ट. कतारमधलं दुखान, ऑइल कंपनीची कॉलनी, मी तिथला सुतार. जॉन साहेब नावाच्या इंग्रज इंजिनिअरकडे आईच्या पश्चात एक जुनी लाकडी पेटी आली होती. “तळाची फळी सुटलीय, तेवढी बसव,” म्हणून ते ड्युटीवर गेले. तेवढीच बसवायची ना! पण सुताराची खोड वाईट... मळकी, ओरखडे पडलेली फळी बघून हात शिवशिवले. साहेबांच्या गॅरेजला आतून कडी घालून मी रंधा मारून फळी तासायला लागलो.

दुपारी दीडला मान वर केली, तर समोर एक गोरा म्हातारा. मनगटांवर काळे वळ. कडी घातल्याचं ध्यानातच नव्हतं; साहेबांचे वडील आले असतील, म्हणून मी “गुड आफ्टरनून सर” म्हटलं. त्यानं फळीच्या कोपऱ्यावर, रंध्याच्या पुढ्यातच तळहात ठेवला.

“अहो, हात काढा, लागेल!” मी मराठीतच ओरडलो. तो रडत होता. रंधा बाजूला ठेवून वळलो, तर कोणी नाही... कडी तशीच.

चारला साहेब आले. मी म्हटलं, “तुमच्या वडिलांनी काम थांबवलं.”

“वडील? ते जाऊन वीस वर्षं झाली.” मग त्यांनी फळी पाहिली आणि खालीच बसले.

मग त्यांनीच सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक मिस्सेला बंदी होती. साहेबांचा पूर्वज कॅथलिक जमीनदार. राणीच्या प्रोटेस्टंट चर्चला जाणार नाही म्हणाला. जमीन गेली, बेड्या पडल्या. पोरं उपाशी मरू नयेत म्हणून बायको मात्र त्या चर्चला जाऊ लागली. त्यानं कोठडीतल्या बाकावर तिन्ही मुलांची नावं खिळ्यानं कोरली आणि तिथेच मेला. ही फळी त्याच बाकाची, पुढे घरच्यांनी पेटीच्या तळाला बसवलेली.

“बायकोचं नाव कोरलं नाही,” साहेब म्हणाले. “तिला माफ केलं नाही, असंच आमच्या घरात मानतात. माझी आईही मरेपर्यंत हेच म्हणायची.”

मी ओरखडे समजून घासली ती त्या लेकरांची नावं होती. देवा!

म्हाताऱ्यानं हात ठेवलेला कोपरा तेवढा उरला होता, वर्षानुवर्षांच्या काळ्या मेणानं माखलेला. साहेबांनी रुमालाला तेल लावून तो पुसला. खाली अक्षरं निघाली. ॲन.

“तिचंच नाव,” एवढंच म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

बायकोचं नाव वाचवायला तो आला, हे मी मानतो. पण आधी तीन लेकरांची नावं माझ्या रंध्याखाली गेली, तेव्हा तो कुठे होता? मीही तीन मुलांचा बाप आहे... याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.