पॉलिशवाल्या काकांची बोटं

आमच्या पॉलिशवाल्या काकांना कुठलंही फर्निचर दाखवलं, की ते आधी चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे मिटून त्यावर बोटं फिरवत. टेबलाला ताप आहे की काय, अशी शंका बघणाऱ्याला यावी. मग डाग हुंगून निदान सांगत. "हा गरम कपाचा. वरवरचा आहे, स्पिरिटच्या बोळ्यानं निघन." काळा डाग दिसला की मात्र गप्प होत, कारण तो लाकडात उतरलेला असतो.

ते सावनेरहून बसने यायचे. जुन्या सागवानी व्हिनियरच्या कामाला त्यांच्या तोडीचा माणूस आम्हाला नागपुरात मिळाला नाही. हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे येण्याचा दिवस तेच ठरवत. व्हिनियर म्हणजे प्लायवर चिकटवलेली सागाची पातळ साल; जास्त घासली की गेलीच. "डाग काढाचा असते, साल नाही," हे ते घरोघरी ऐकवत. गेलेल्या सालीवर रंग मारून मोकळं होणाऱ्यांना ते कारागीर मानतच नसत.

बाबा गेल्यावर आईने त्यांना बोलावलं. आजारपणात बाबांच्या पलंगाजवळच्या टेबलावर औषधाच्या बाटल्यांची काळी वर्तुळं उमटली होती. मी म्हटलं, राहू दे, बाबांची आठवण आहे. आई फटकन म्हणाली, "ती आजाराची आठवण. मला तुझ्या बाबांची हवी आहे. याच टेबलावर शब्दकोडी सोडवायचे ते."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाई बरोबर सांगून राहिल्या," एवढंच म्हणाले.

दोन दिवस गच्चीवर काम चाललं. डाग उडवणारी ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर गरम पाण्यात कालवून डागावर लावायची, वाळली की पुसायची, पुन्हा लावायची. वर्तुळं फिकी होत होत गेली. तिसऱ्या दिवशी, पाण्याने खरखरीत झालेलं लाकूड ते बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करत होते. दुपारी मी वर गेलो तर पेपर बाजूला ठेवून नुसते बसलेले. कोपऱ्यात नखाएवढी साल गेली होती आणि खालचा प्लाय दिसत होता.

रंग लावून ते झाकता आलं असतं. त्यांनी आईला वर बोलावलं.

"बाई, हे माह्या हातानं झालं. बोटाले समजलंच नाही. डोळे गेले तं चष्मा भेटते. बोटाले काय लावू?"

"डाग गेले ना काका? मला तेवढंच हवं होतं," आई म्हणाली आणि चहा ठेवायला खाली गेली.

मला त्यांचा चेहरा बघवेना. मी त्या जागेवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, "काका, माझ्याही बोटाला काही लागत नाही."

त्यांनी माझं बोट धरलं आणि सालीच्या कडेवरून सावकाश पुन्हा फिरवलं. "खरं सांग गा. लागते का नाही?"

"लागते," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चहा पिऊन ते गेले आणि त्यानंतर त्यांनी कुणाचंच काम घेतलं नाही. मी खोटं रेटायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.