कुत्र्याच्या गळ्यातलं लोढणं

कपाशी उपटून झाली की आम्ही वावरात मेंढरं बसवतो. मेंढरंवाले जाळीचं कुंपण लावतात, कळप रातभर आत बसतो, आणि लेंड्या-मुताने तेवढ्या जमिनीला खत मिळतं. दुसऱ्या दिवशी जाळी पुढे सरकते. ती कुठे लावायची हे मालकाने दाखवायचं, म्हणून तेवढे दिवस मालकाचा मुक्काम वावरातच. त्या वर्षी आमच्या म्हाताऱ्याचे गुडघे धरले होते, म्हणून मी गेले. चार बांबू, वर ताडपत्री, तीन दगडांची चूल. नात याला कॅम्पिंग म्हणते. म्हणो.

सोबत आमचा कुत्रा होता. त्याला नाव नव्हतं, ‘अय’ म्हटलं की यायचा. माणसांना काही करायचा नाही, शेळ्यांची पिल्लं त्याच्या पाठीवर चढायची. पण दुसरा कुत्रा दिसला की संपलं. आमच्या गावातल्या, तुकईथडमधल्या निम्म्या कुत्र्यांचे कान त्याने फाडले होते.

मेंढरंवालीची तीन कुत्री होती. पहिल्याच दिवशी त्याने एकाचा पाय फाडला. ती बाई काठी घेऊन माझ्या चुलीशी आली.

“माय, हा कुत्रा आहे का सवत? दुसरं कुणी दिसलं की पेटतोच.”

“सवत परवडली असती. ती नुसती तोंडाने भांडते.”

“हसू नको. अजून एकदा माझ्या कुत्र्याला लागलं तर जाळी उचलते. देडतलाईवाल्यांनी कधीचं बोलावलंय.”

मग मी हसले नाही. आमचं वावर थकलं होतं. कपाशी गुडघ्याच्या वर जात नव्हती. मेंढरं वर्षातून एकदाच या वाटेने येतात, ती गेली की गेली.

कुत्र्याला खुंटीला बांधला, तर दिवसभर असा भुंकला की मेंढरं बुजून जाळीला धडका द्यायला लागली. दोर चावून तोडला ते वेगळंच. तेव्हा मी त्याच्या गळ्यात लोढणं घातलं. ओढाळ गाईला घालतात तसा बाभळीचा ओंडका, दोराने लोंबता. चालता येतं, धावता येत नाही. माझ्या बापाने, सासऱ्याने गुरांना घातलेलं मी पाहिलं होतं. कुत्र्याला घातलेलं कुठे पाहिलं नव्हतं.

मेंढरंवालीने ते बघितलं आणि आपल्या पालातून एक पट्टा आणला. तिच्या तिन्ही कुत्र्यांच्या गळ्यात तसेच होते, खिळ्यांची टोकं बाहेर आलेले.

“हा घाल. नाल्यात बिबट्याचे पंजे उमटलेत. तो मानेलाच धरतो.”

“खिळे घातल्यावर हा तुझी कुत्री जिती ठेवील का? मग तूच मला ऐकवशील.”

“ऐकवीन. पण तुझा कुत्रा जिता राहील.”

मी पट्टा परत दिला.

दोन दिवस शांततेत गेले. ढेकळांवरून ओंडका खडखड करायचा, त्यावरून मला न बघता कळायचं तो कुठे आहे. तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना मी भाकरी थापत होते. मेंढरं एकदम एका कोपऱ्यात गोळा झाली. तिन्ही कुत्री शेजारच्या केळीच्या बागेकडे तोंड करून भुंकायला लागली. आमचा तिकडेच निघाला, ओंडका ओढत.

“अय!” मी हाक मारली. तो थांबला. मागे बघितलं. मग पुढे गेला.

एकदाच केकाटला. त्यानंतर खडखड फार वेगाने गेली. ते लोढणं घेऊन तो कधीच तेवढा पळाला नव्हता. केळीची पानं हलली आणि आवाज बंद झाला.

आम्ही दोघी काठ्या घेऊन गेलो. मातीत सरळ रेघ होती. बांध ओलांडून आत गेलो, तर ओंडका केळीच्या दोन खांबांत अडकलेला, दोर तुटलेला, पानांवर रक्त. कुत्रा सापडला नाही.

मेंढरंवालीने मला एक शब्द ऐकवला नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

ओंडका मी त्याच चुलीत घातला. बाभळीचं लाकूड, सावकाश जळलं. मेंढरं ठरलेले सगळे दिवस बसली. पुढच्या साली कपाशी कंबरेला लागली. गावातले म्हणतात, मेंढरांसाठी जीव दिला त्याने. खोटं आहे. तो त्या तीन कुत्र्यांशी भांडायला निघाला असेल. कशासाठीही निघाला असो, पळायची सोय मी ठेवली नव्हती.

अजून दरवर्षी मेंढरं बसतात. मुक्कामाला मीच जाते, म्हाताऱ्याला पाठवत नाही. ऊन उतरलं की बांधाकडून खडखड येते. ढेकळांवरून, हळू, चालत असल्यासारखी. ओंडका तर मी माझ्या हाताने जाळला. मेंढरंवालीची कुत्री उठतात, भुंकत नाहीत, जाळीच्या पलीकडे जाऊन बसतात. मी भाकरी उलटते.

हाक मात्र मारत नाही. मारली आणि ती खडखड थांबली, तर पुढे काय करायचं ते मला माहीत नाही.