घरजावयाचा मासा

निकोलिना नवऱ्याला सोडून गेली, पण फार लांब गेली नाही. आमच्याच गल्लीत, चार घरं खाली, दोब्री ड्रायव्हरकडे जाऊन राहिली. लांब गेली असती तर मिंचोला हळूहळू सवय झाली असती. पण रोज सकाळी तिनं धुतलेल्या चादरी दोब्रीच्या अंगणात वाळताना दिसायच्या आणि मिंचोच्या जिवाचा कोळसा व्हायचा.

त्यात हा मिंचो घरजावई. घर निकोलिनाच्या आईचं, वेलिकाबाईंचं. मुलगी घर सोडून गेली आणि जावई सासूजवळ राहिला, असा उलटा संसार आमच्या नदीकाठच्या तुत्राकान गावात कुणी पाहिला नव्हता. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, जाणार तरी कुठे? आणि वेलिकाबाईही त्याला जा म्हणेनात. "गेली ती गेली. हा कशाला जाईल? छपरावरची कौलं यानं बसवलीत," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. लेकीशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. ती रस्त्यात समोरून आली तर दुखरे गुडघे ओढत पलीकडच्या कडेला जायच्या.

मी त्यांची शेजारीण, त्स्वेता. आमच्या दोन अंगणांमध्ये एक कुंपण आहे आणि त्याला भोकं आहेत. त्यामुळे मला जे माहीत आहे ते नीट माहीत आहे.

संत निकोलाचा सण तोंडावर आला तेव्हा मिंचोचं डोकं फिरायला लागलं. आमच्या कोळ्यांच्या गावात याहून मोठा दिवस नाही. त्या दिवशी आमंत्रण कुणी देत नाही. ज्या घरी निकोला किंवा निकोलिना असेल त्या घरी लोक आपणहून जातात, भाजलेला कार्प मासा खातात, राकिया ही फळांची दारू पितात. वेलिकाबाईंचा नवरा निकोला, जुना कोळी. तो होता तेव्हा गल्ली त्याच्या नावानं तिथे जमायची आणि तो गेल्यावर लेकीच्या नावानं.

"यंदा सगळे तिकडे जातील," मिंचो सासूला म्हणाला. "दोब्रीच्या टेबलाशी बसून माझ्या बायकोच्या नावानं पितील. आणि मी खिडकीतून बघत बसू."

"मग इथे मांड टेबल."

"आई, या घरात निकोला उरलाय कोण?"

"माझा नवरा. फोटोत गेला म्हणून त्याचं नाव बदललं का? आणि मासा झक्कास झाला तर नाव कोण विचारतं? तिचा कसा होतो ते ठाऊक आहे सगळ्यांना."

ते मात्र खरं होतं. वेलिकाबाईंचे हात थरथरायला लागल्यापासून सणाचा मासा निकोलिनाच करायची, आणि तो दर वर्षी पाणचट व्हायचा. ट्रे टेबलावर आला की मिंचो पाहुण्यांना म्हणायचा, "सांभाळून घ्या हं, अजून पोहतोय." लोक हसायचे. शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेल्या वेलिकाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. निकोलिना हसायची नाही. एका वर्षी ती लिंबू जास्त पिळून बघायची, दुसऱ्या वर्षी ओव्हन जास्त तापवायची. मासा पोहतच राहायचा.

"मला तिचं टेबल रिकामं हवंय, आई," मिंचो म्हणाला. "एक कुत्रंसुद्धा तिच्या दारात जायला नको. आणि ते तिनं बसून बघायला हवं. चारचौघांत माझं नाक कापलंय तिनं."

"माझंही," वेलिकाबाई म्हणाल्या. "उद्या बाजारातून कार्प आण. खवले मोठे बघून आण."

आता या माणसानं जन्मात चहासुद्धा केलेला नव्हता. पहिल्याच दिवशी मासा साफ करताना त्यानं पित्ताची पिशवी फोडली. मासा असा कडू झाला की मांजरानं तोंड लावलं आणि आमच्या अंगणात पळून आलं.

"इंजिन उघडतोस तेव्हा तेलाच्या टाकीत सुरी खुपसतोस का रे?" म्हातारी ओरडली. "हलक्या हातानं."

"नाताळाआधीच्या उपवासाचे दिवस आहेत आई. रोज मासा बघून देव काय म्हणेल?"

"देवाला म्हणावं, शिकतोय."

दुसरा मासा निकोलिनासारखाच झाला. गाजरं, बटाटे, लाल भोपळी मिरच्या, कांद्याची पात असं सगळं ट्रेमध्ये घालून त्यानं वर कार्प ठेवला आणि तासाभरानं बाहेर काढलं तर खाली तळं साचलेलं. वेलिकाबाई ते बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "भाज्या आधी एकट्या भाजायच्या असतात, जावईबापू. त्यांच्या अंगात पाणी असतं. ते मरू दे, कडा काळ्या होऊ देत. मग वर मासा."

"पण पाणी मेलं हे कळायचं कसं?"

"इंजिन बिघडलं हे तुला कसं कळतं?"

"आवाजावरून."

"मग ऐक की."

आणि तो खरंच ऐकायला लागला. ओव्हनच्या दाराला कान लावून बसायचा, कान भाजेपर्यंत. आधी भाज्या सुस्कारे टाकतात, मग गप्प होतात, मग तेल तडतडायला लागतं. त्या तडतडीवर मासा ठेवायचा. तो ठेवण्याआधी फडक्यानं खडखडीत पुसायचा, बारीक काटे खाताना लागू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी जवळजवळ चिरा द्यायच्या, त्या चिरांत मीठ आणि गोडसर लाल मिरचीची पूड चोळायची. मिंचो ते चोळायचा तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं असायचं. दोब्रीच्या पाठीलाच मिरची चोळत असल्यासारखा चोळायचा.

सणाच्या दिवशी त्यानं स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी सताड उघडी ठेवली. बाहेर गोठवणारी थंडी, आणि गल्लीभर भाजलेल्या माशाचा आणि मिरच्यांचा वास. मी खरं तर आधी निकोलिनाकडे जाणार होते. पण पाय आपोआप कुंपणाच्या फाटकातून आत वळले. बाकीच्यांचंही तसंच झालं असावं, कारण थोड्याच वेळात मिंचोकडे बसायला खुर्च्या पुरेनात आणि लोक पलंगावर बसले.

ट्रे आला. सालीवर सोनेरी कुरकुरीत थर, आत मऊ पांढरं मांस, खाली काळ्या कडांच्या गोडसर भाज्या. पहिला घास तोंडात गेल्यावर सगळ्यांचे हात लगेच दुसऱ्याकडे वळले. मग पाववाली म्हणाली, "मिंचो, हा पोहत नाहीये रे."

घर हसण्यानं दणाणलं. मिंचो इतका खूश मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. दर दोन घासांनी तो खिडकीशी जायचा आणि दोब्रीच्या फाटकाकडे बघायचा. फाटक बंदच होतं. पण एवढ्यानं त्याचं समाधान होईना. त्यानं मधला चांगला तुकडा काढला, खाली भाज्या रचल्या आणि ताटली माझ्या हातात दिली.

"तिला नेऊन दे. सणाचा वाटा आहे, नको म्हणता येत नाही. जखमेवर मीठही माझ्याच हातचं लागू दे."

मला जायचं नव्हतं, पण तिचं तोंड बघायचं होतं. गेले.

दोब्री टाय लावून वर्तमानपत्र वाचत बसला होता. टेबलावर पांढरी चादर, कोऱ्या ताटल्या, आणि मधोमध न कापलेला कार्प स्वतःच्या पाण्यात. निकोलिनानं ताटली घेतली आणि उभ्याउभ्याच एक घास खाल्ला. मग एक गाजर बोटांनी उचलून त्याची काळी कड उलटसुलट करून बघितली.

"भाज्या आधी भाजल्यात," ती म्हणाली. "हे त्याला कुणी सांगितलं?"

माझी नजर आपोआप खिडकीतून वेलिकाबाईंच्या घराकडे गेली. तेवढ्यानंच तिला कळलं. तिनं शाल ओढली आणि ताटली हातात धरून चालायला लागली. मी मागे धावत.

ती दारात दिसताच सगळ्यांच्या माना वळल्या. मिंचो उठून उभा राहिला. याच क्षणासाठी त्यानं हात भाजून घेतले होते. पण निकोलिनानं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती सरळ आईच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, तुला हे माहीत होतं?"

"मला काय माहीत नाही?" वेलिकाबाई म्हणाल्या.

"मी लिंबू घातलं. ओव्हन तापवला. मासेवाला बदलला. आणि तू इथे बसून बघत होतीस."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, ज्याच्या त्याच्या हाताचं असतं."

वेलिकाबाईंनी नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. "जन्मभर मी मासा केला. तुझ्या बापानं कधी बरा झालाय म्हटलं नाही. तुझं ते पाणी मात्र पहिल्या वर्षी पाव बुडवून चाटूनपुसून खाल्लं, आणि म्हणाला, पोरीच्या हाताला चव आहे. मग म्हटलं, शिकू दे तिला बापाकडूनच."

निकोलिना रडेल असं मला वाटलं. मिंचोलाही वाटलं, तो पुढे झुकून तिच्या डोळ्यांकडेच बघत होता. पण तिनं ताटलीतला उरलेला मासा सावकाश खाल्ला, सगळा, आणि रिकामी ताटली त्याच्या हातात ठेवली.

"छान झालाय, मिंचो. खरंच," ती म्हणाली. "आता दर वर्षी तूच कर. रोजचा स्वयंपाकही तूच कर. आई आहेच खुर्चीत."

ती गेली. तिच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला. मग वेलिकाबाईंनी रुमालानं तोंड पुसलं आणि पाहुण्यांकडे वळल्या.

"चिरा जरा खोलच गेल्या यंदा," त्या म्हणाल्या. "मासा आहे की पिस्टन, कळायला मार्ग नाही. इंजिनवाल्याचा हात, सांभाळून घ्या हं."

आणि त्या मोठ्यानं हसल्या. लोकांनाही सवय होती, तेही हसले. मिंचो आधी त्यांच्याबरोबरच हसला. मग एकेकाचं तोंड बघत गेला आणि त्याचं हसू थांबलं.

"मीठही कमी आहे," वेलिकाबाई म्हणाल्या. "आण जा, जावईबापू."

तो आणायला गेला.